सायबिणीचे वायपर

आजही पावसात गाडीत बसले की मी बाहेरचं काही बघत नाही, वायपर बघते. नातवाच्या गाडीला म्हणे काचेवर थेंब पडला की आपोआप वायपर सुरू होतात आणि पाऊस वाढला की आपोआप जोरात फिरतात. तो कौतुकाने सांगतो, आजी, तुला काही करायचं नाही, नुसती बस. मी नुसतीच बसते, पण पाय पुढच्या पत्र्याला असा रोवून बसते की ब्रेक जणू माझ्याकडेच आहे. सून मागून हसते. हसू दे. तिने अलिबागचा रस्ता पाहिलाय तो रुंद झालेला, दोन्हीकडे हॉटेलं आणि राहायच्या खोल्यांच्या पाट्या लागलेला. आमचा खाडीचा बांध तिने पाहिला नाही, आणि उधाणाच्या दिवशी त्या बांधावरून बंद पडलेल्या वायपरने जाणं म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. मी एकदा सांगायचा प्रयत्न केला तर नातू म्हणाला, "मग थांबायचं ना बाजूला." बाजू असती तर थांबलो असतो, बाबा.

आमचं गाव रेवदंड्याच्या पलीकडे, खाडीच्या आतल्या अंगाला. गावातून बाहेर पडायचं तर खारबांधावरून. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भातखाचरं, आणि मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध आणि शेतातलं पाणी खाडीत सोडायला बांधाच्या मध्यावर उघाडी, म्हणजे दगडी मोरी आणि तिला लाकडी झडप. तिथे वाट आणखी आकसायची आणि दोन्हीकडे चुना फासलेले दगड रोवलेले होते. माझे वडील सरकारी खात्यात ड्रायव्हर. साहेब लोकांना हेच बांध दाखवत त्यांची अर्धी जिंदगी गेली. ते निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांची गाडीही निकालात निघाली आणि लिलावात बाबांनी ती घेतली. काळी, पाठीला बाक आलेली, विलायती बनावटीची, तेव्हाच म्हातारी झालेली गाडी. मागच्या सीटला पांढरे अभ्रे. पहिल्या दिवशी आई पुढे बसायला लागली तर बाबांनी तिला उठवलं आणि मागे, डाव्या खिडकीशी बसवलं. "सायब बसायचा तिथं बस," म्हणाले. आई बसली. आमच्या बौद्धवाडीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यातल्या एकीने गाडीला नाव ठेवलं सायबीण, की आईला ठेवलं, ते कोणाला नक्की सांगता आलं नाही. पण नाव गाडीला चिकटलं.

बाबांचा त्या गाडीवर जीव. आमच्याकडे खारं वारं लोखंड ठेवत नाही, खिळा ठोकला की दोन पावसाळ्यांत त्याची पूड होते. बाबांचे जानी दोस्त पांडूकाका, रेवदंड्याचे कोळी, स्वतःची होडी होती त्यांची. पावसाळ्याआधी होडी वर काढून तिला माशाचं तेल पाजायचं, वर रंग चढवायचा, फटी बुजवायच्या, हे त्यांचं वर्षाचं काम. ते म्हणाले, "डायवर, तुजी गारी पन होरीच हाय. पाज तिला तेल." झालं. दर वर्षी होडीबरोबर सायबिणीलाही तेल. खालून, आतून, बॉनेटच्या पोटातून. तेल जिरलं की वर जाड रंग, असा की एकही नट, एकही कड उघडी राहायला नको. आठ दिवस सगळ्या अंगणाला मासळीचा वास, मांजरं गाडीखालून हलायची नाहीत. आई म्हणायची, मला नवरीसारखं एवढं तेल कधी लावलं नाय. बाबा म्हणायचे, "तुला कुठं गंज येतोय."

मी शेंडेफळ. थोरल्या दोघी बहिणींची शाळा सातवीला संपली होती, कारण पुढची शाळा रेवदंड्याला आणि बांधावरून पावसात पोरींना एकटं कोण पाठवणार. बस आमच्या बांधावर येत नसे. गाडी आल्यावर बाबांनी ठरवलं की वाडीतल्या आणि गावातल्या मिळून आम्ही ज्या सहा मुली आठवी-नववीच्या होतो, त्यांना रोज आपण सोडायचं आणि आणायचं. घरोघर जाऊन त्यांनी शब्द दिला. "माझ्या बायसोबत तुमची बाय." आया कबूल झाल्या त्या शाळेसाठी नाही, डायवरसाठी. तेवीस-चोवीस वर्षं साहेबांना सुखरूप नेणारा माणूस पोरींना काय पाडतो, असा हिशेब. आमच्यात सगळ्यात लहान सुगंधा, बोलघेवडी, जे दिसेल ते तोंडातून बाहेर. ती, मी आणि बाकीच्या चौघी, सगळ्यांची शाळा त्या चार चाकांवर उभी होती, हे आम्हाला पोरसवदा वयातही पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी आषाढ लागला आणि वायपर बंद पडले. चालू होते, मस्त फिरत होते, आणि उघाडीच्या अलीकडे मधेच, काचेच्या मध्यावर येऊन थांबले. एका क्षणात समोरची वाट गेली. काच म्हणजे नुसतं पाणी, त्यात डावीकडे काळपट खाडी आणि उजवीकडे हिरवट काहीतरी. बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, ब्रेक दाबला, आणि माझ्या बाजूचं मागचं चाक खाली बसलं. बांधाची माती सुटून खाडीत पडल्याचा आवाज मी ऐकला. आवाज मोठा नव्हता, पण अजून कानात आहे. सुगंधा ओकली. बाकीच्या चौघी एकमेकींना धरून बसल्या, रडायलाही कोणाला सुचलं नाही. बाबा उतरले, त्यांनी आम्हाला एकेकीला त्यांच्या दारातून बाहेर काढलं, मग पुन्हा आत बसून गाडी इंच इंच पुढे घेतली. ती वर आली आणि त्याच धक्क्याने वायपर आपले पुन्हा फिरायला लागले, काही झालंच नाही अशा थाटात. मला तेव्हा त्या वायपरचा इतका राग आला की उपटून खाडीत टाकावेसे वाटले.

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. सुगंधाने तिखटमीठ लावायची गरजच नव्हती. तिची आई आली, उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "डायवर, तुमच्यावर इस्वास हाय. पन पोर एकच हाय. एक डाव परत असं झालं तं ती घरी बसल." पाठोपाठ दुसरी आली, तिसरी. कोणी भांडलं नाही, तेच वाईट. बाबा मान खाली घालून ऐकत होते. गाडी बंद ठेवावी तर सहा मुलींची शाळा बुडणार, चालवावी तर सहा मुली बुडायची भीती. आई चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "उद्यापास्नं मी बी येते." आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या उरकून, हाताला पीठ तसंच, ती मागच्या सीटवर त्या पाच जणींत बसायला लागली. गाडी पडली तर ती एकटी काय करणार होती, कोण जाणे. पण ती एका हाताने दाराची कडी आणि दुसऱ्या हाताने सुगंधाचं मनगट धरून बसायची आणि शाळा येईपर्यंत सोडायची नाही. माझं कामही ठरलं. मी पुढे, बाबांशेजारी. "माझं ध्यान रस्त्यावर, तुझं वायपरवर," बाबा म्हणाले. दर थोड्या वेळाने ते विचारायचे, "बाय, चालू हायेत ना?" मी म्हणायचे, "चालू हायेत, बाबा." रात्री झोपेतसुद्धा मी हे बोलायचे असं आई सांगत असे.

वायपरमागे बाबा हात धुऊन लागले. आधी बॅटरी तपासली, ती ठणठणीत. मग फ्यूज बदलला. मग वायपरचं बटण, म्हणजे ओढलं की चालू आणि ढकललं की बंद, ते खोलून आतली पितळी पात घासली. मग मोटर काढून तिच्यातले झिजलेले कार्बनचे कोळसे बदलले. प्रत्येक वेळी अंगणात गाडी उभी करून वर बादलीने पाणी ओतायचं काम माझं. मी ओतायची, वायपर फिरायचे, बाबांचा जीव भांड्यात पडायचा, आणि एक-दोन दिवसांत बांधावर ते थांबायचेच. कधी दोनदा, कधी एकदाही नाही. हेच भयंकर होतं. कायमचे मेले असते तर काहीतरी केलं असतं. बाबांनी ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती म्हणून तंबाखू ओली करून काचेवर घासली, त्याने पाणी थेंब थेंब न राहता सरळ ओघळतं. गाडी अलिबागच्या मेस्त्रीकडे नेली. त्याच्यासमोर वायपर अर्धा तास फिरले, एकदाही थांबले नाहीत. मेस्त्री म्हणाला, काका, गाडी नाही, तुम्हीच घाबरलाय. डॉक्टरसमोर ताप उतरतो तशातली गत. शिवाय बाबा म्हणत राहिले की काचच घाण आहे, तेलकट आहे, बॉनेटमधलं माशाचं तेल उडून काचेवर बसतंय. आई आणि मी राखेने, मग कागदाने, मग लिंबाने काच घासायचो. मला स्वच्छ दिसायची. बाबा म्हणायचे, "अजून गेलं न्हाय."

दोष सापडला आईला. ती मागे बसून दाराची कडी धरून असायची ना, तिला प्रत्येक खड्डा हाताला कळायचा. एका संध्याकाळी भारंगीची भाजी निवडता निवडता म्हणाली, "अवो, ऐकलं का. खड्ड्यात चालतात ते, आन गुळगुळीत आलं का मरतात." बाबा म्हणाले, "काय तरी बोलतेस." पण मी आठवून पाहिलं. खरंच की. गावातल्या खडबडीत वाटेवर वायपर कधीच थांबत नव्हते. उघाडीच्या अलीकडे त्या वर्षी नवं डांबर पडलं होतं, तिथेच थांबत. आणि चाक वर येताना बसलेल्या धक्क्यानेच ते परत सुरू झाले होते. अंगणात इंजिन थडथडत असताना चालत, कारण सायबीण उभी राहिली की नखशिखांत थरथरायची. बाबा उठले. बॉनेट उघडलं आणि कितीतरी वेळ नुसते आत बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "बाय, करंट वायरीनं येतो आन गाडीच्या पत्र्यानं परत जातो. मोटर पत्र्याला टेकली तर पायजे ना." मोटर ज्या बोल्टने बसवली होती तिथे, खाली, वर, आतून, दर वर्षीचा रंग. मोटर काढली की बाबा पुन्हा रंग लावूनच बसवत होते, गंज येऊ नये म्हणून. धक्का बसला की बोल्ट रंगातून पत्र्याला चिकटायचा, शांत झाला की सुटायचा. ही चूक गाडीला होडी समजणाऱ्यांनाच सुचेल. होडीला कुठे करंट असतो.

बाबांनी ब्लेडने तो रंग खरवडला. पापुद्रे निघाले, एका खाली एक, तांबडा, हिरवा, काळा, पांडूकाकांच्या होडीला ज्या वर्षी जो रंग उरला तो. खाली लख्ख पत्रा लागेपर्यंत पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला. आम्ही पुन्हा बादल्या ओतल्या. इंजिन बंद ठेवून, नुसत्या बॅटरीवर वायपर फिरले, फिरतच राहिले. पांडूकाका मुद्दाम बघायला आले, खाडीतली गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी धरलेली चिवणी घेऊन आले, पावसातल्या आमच्या जेवणाचा राजा मासा. आईने आंबोशी घालून कालवण केलं. घरात दिवाळी असल्यासारखं वाटत होतं. बाबांनी मात्र ताटातली चिवणी तशीच बाजूला सारली. "काटेरी मासा नको आता, कंटाळा येतो," म्हणाले. अंधारातही काटा वेगळा काढणारा माणूस. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि स्वतः काटे काढून मांस त्यांच्या भातावर घातलं. मीही बघितलं, पण माझ्या डोक्यात तेव्हा वायपर चालू झाल्याचा आनंद मावत नव्हता. तसंच विहारातलं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा तो बाबांनी, त्यांचा आवाज खणखणीत. त्या वर्षी दोन दिवस वाचून त्यांनी ग्रंथ माझ्या पुढ्यात सरकवला. "घसा बसलाय. आता पोरींनी वाचायचं." सगळ्या वाडीने बाबांचं कौतुक केलं, की बघा, मुलीला पुढे केलं. मीसुद्धा फुशारून गेले होते.

वायपर दुरुस्त झाले आणि भीती जायला हवी होती. गेली नाही. वायपर एकदाही थांबत नव्हते, तरी बाबांचा प्रश्न वाढला. "बाय, चालू हायेत ना?" दहा कदमांवर पुन्हा, "चालू हायेत ना?" गाडी आधीपेक्षा हळू. समोरून एखादी बैलगाडी आली की ते आधीच थांबून ती जाईपर्यंत स्टेरिंगला दोन्ही हातांनी धरून बसायचे. त्यांच्या कपाळावर, एवढ्या गारठ्यात, घाम असायचा. मला वाटलं, त्या एका दिवसाने माणूस धसकलाय. आईची दाराच्या कडीवरची पकडही सुटली नव्हती. मी तिला विचारलं, आता कशाला येतेस, वायपर चालतात की. ती म्हणाली, "मला सवय झाली." आई खोटं बोलली की नाक खाजवायची. ती नाक खाजवत होती.

आणि मग अवसेच्या उधाणाचा तो दिवस. पाऊस पहाटेपासून होता, खाडी बांधाच्या कडेपर्यंत आली होती, लाटा नाहीत, नुसतं पाणी वर वर चढत होतं. आई निघताना म्हणाली, आज ऱ्हाऊ दे. बाबा म्हणाले, "पोरींची चाचणी हाय." गाडी बांधावर आली. वायपर सपासप फिरत होते, काच अशी स्वच्छ होत होती की मला खाचरातल्या भाताचं पातंन् पातं दिसत होतं. लांबून उघाडीचे पांढरे दगडही दिसले. मी वाट बघत होते की बाबा गाडी थोडी उजवीकडे घेतील, नेहमी घेत तशी. त्यांनी घेतली नाही. गाडी सरळ डावीकडच्या दगडाकडे, त्या दगडापलीकडच्या खाडीकडे चालली होती, सावकाश, बैठकीत सतरंजी अंथरावी इतकी निवांत. मी म्हटलं, "बाबा, उघाडी आली." बाबा म्हणाले, "कुठं?"

मी स्टेरिंग धरून ओढलं. गाडीचं नाक वळलं, पत्रा दगडाला घासत गेला, मागे पोरी एकीवर एक पडल्या. गाडी उघाडीच्या पलीकडे जाऊन हेलकावली आणि पुन्हा सरळ चालायला लागली, कारण बाबांनी ब्रेक दाबलाच नव्हता. आपण कुठे होतो हे त्यांना कळलंच नव्हतं. ते धापा टाकत होते. पुढे बघत, अगदी काचेला नाक लावून बघत म्हणाले, "वायपर बंद पडले ना गं परत?"

मी बघितलं. दोन्ही वायपर फिरत होते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, न चुकता. त्यांच्यामागची काच आरशासारखी होती. आणि मग सगळं एकदम माझ्यासमोर आलं, घासून घासून न जाणारं तेल, सरकवलेला ग्रंथ, बाजूला सारलेली चिवणी. माझ्या बापाला दिसत नव्हतं. वायपर फिरत होते तरी नाही आणि थांबले होते तरी नाही. एवढे दिवस आम्ही सहा जणी आणि आई, ज्याला रस्ता दिसत नाही त्याच्या गाडीत बसून या बांधावरून जात-येत होतो. मी घाबरट नव्हते हो, पण त्या क्षणाची भीती मी पुन्हा कधी अनुभवली नाही, बाळंतपणात नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. त्यांना खरं सांगून टाकावं तर ते अजून गाडी चालवत होते. त्यांनी ऐकलंच नसतं, "मला दिसतंय" म्हणाले असते, किंवा ऐकून हात सुटले असते. मी म्हटलं, "हो बाबा. बंद पडले. थांबवा गाडी."

"बघ," ते म्हणाले. "तरी मी म्हनत होतो." आणि त्यांच्या आवाजात जो सुटकेचा सूर होता, तो ऐकून मला रडू फुटलं. मागून सुगंधा म्हणाली, "काकू, पन ते तर..." आणि तिचं वाक्य तिथेच थांबलं. मी वळून पाहिलं. आईचा हात तिच्या तोंडावर होता. आई माझ्याकडे बघत होती. तिला कधीपासून कळलं होतं, ते मी तिला पुढे कधी विचारलं नाही. ती स्पष्ट, शांत आवाजात म्हणाली, "व्हय, बंद पडले. मला बी हितनं दिसतंय. थांबवा." पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की वायपरच्या मोटरचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मी हात लांबवून बटण हळूच आत ढकललं. वायपर खाली येऊन निजले. बाबांनी ब्रेक दाबला. सायबीण बांधाच्या मधोमध उभी राहिली आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

मग त्यांचा हात सवयीने वायपरच्या बटणाकडे गेला. घरून निघताना त्यांनीच ते ओढलं होतं. आता ते आत होतं. हात तिथे थांबला. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. चावी काढली, मागे न बघता खांद्यावरून आईपुढे धरली आणि म्हणाले, "ठेव." एवढंच. आईने ती घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. घर जेवढं मागे होतं तेवढीच शाळा पुढे. बाबा उतरले, डिकीतून छत्री आणि काठी काढली. "चला. चाचणी चुकवायची न्हाय. माझ्यामागं एका रांगेत, खाडीच्या बाजूला बगायचं न्हाय." ते पुढे निघाले. बांध त्यांच्या पायाला ठाऊक होता, तिथे त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. काठीने कडा चाचपत, पाय रोवत, ते असे चालले की त्यांच्या पावलावर पाऊल टाकत आम्ही सहाही जणी, शेवटी आई, शाळेपर्यंत पोचलो. चिंब होऊन बाकावर बसलो, पायांतलं पाणी फरशीवर ओघळत होतं आणि मला प्रश्नपत्रिकेतलं एक अक्षर लागत नव्हतं. मी फक्त रडत होते. बाईंना वाटलं, पेपर अवघड गेला.

पांडूकाकांच्या पुतण्याने संध्याकाळी गाडी घरी आणली. अंगणात उतरून म्हणाला, "काकू, वायपर तं चालतान." आई म्हणाली, "तुज्यासमोर चालतात. आमच्यासमोर न्हाय चालत." तो बिचारा डोकं खाजवत गेला. त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी काठी घेऊन पुढे आणि आम्ही मागे. सुगंधाच्या आईने आणि बाकीच्यांनी मुली अडवल्या नाहीत. डायवर चालत नेतोय ना, मग जाऊ दे. सुगंधा, जिच्या तोंडात तीळ भिजत नसे, ती त्या दिवसाबद्दल कोणाला काही बोलली नाही. कोणी विचारलंच तर सगळे एकच सांगायचे, डायवरने गाडी सोडली कारण वायपरचा भरवसा नाही. बाबाही तेच सांगायचे.

डोळ्यांचं नाव आमच्या घरात कोणी काढलं नाही. थंडी पडल्यावर आई एकदा म्हणाली, "मला सुईत दोरा ओवता येत न्हाय. अलिबागला डोळे दाखवायचेत, सोबतीला चला." आईचे डोळे घारीचे होते, माझ्या फ्रॉकची टाके मोजता येणार नाहीत इतकी बारीक तुरपाई ती त्याच सुमारास करत होती. बाबा गेले. डॉक्टरांनी आईला तपासलं आणि मग सहज म्हणून त्यांनाही. परत आले तेव्हा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं होतं. पुढे काही दिवस हिरवी पट्टी लावून ते ओटीवर बसायचे, आई त्यांना भाकरी कुस्करून द्यायची, मी ग्रंथ वाचून दाखवायची. आता हे सगळं केवढं सोपं झालंय. गेल्या वर्षी माझेही डोळे केले, सकाळी गेले आणि दुपारी घरी येऊन पिठलं-भात जेवले. पण त्याआधी सहा महिने मी काय करत होते? चष्मा पुसत होते. सुनेने आणलेलं पाणी वापरून, मऊ फडक्याने, दिवसातून दहा वेळा. तिला म्हणत होते, काच तेलकट आहे गं.

बाबांना नंतर जाड भिंगाचा चष्मा आला, पण ते पुन्हा गाडीवर बसले नाहीत. सायबीण अंगणात, माडाच्या विणलेल्या झापांखाली उभी असायची. पुढच्या आषाढात एका दुपारी पाऊस कोसळत होता आणि बाबा घरात दिसेनात. मी बघितलं, ते गाडीत बसले होते, एकटे, ड्रायव्हरच्या जागेवर. झाप त्यांनी बाजूला ओढले होते. मी पळत जाऊन त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी आईकडून मागून आणलेली चावी लावली, इंजिन सुरू न करता बटण ओढलं. वायपर फिरले. बाबा त्या जाड भिंगांतून बघत राहिले, काचेकडे, काचेपलीकडच्या अंगणाकडे, तुळतुळीत धुतलेल्या केळीच्या पानांकडे, ओटीवर उभ्या असलेल्या आईकडे. कितीतरी वेळ. मग त्यांनी बटण आत ढकललं आणि बोट तिथेच ठेवून विचारलं, "बाय, त्या दिवशी बंद पडले होते ना गं?"

मी म्हटलं, "हो बाबा. बंदच होते."

"मग बरं," ते म्हणाले, आणि चावी काढून माझ्या हातात दिली.